प्रश्न उद्भवत नाही

अभिनंदन! खातं कुठलं मिळालं, बंगला समुद्राच्या बाजूला आहे की नाही, या गोष्टी हळूहळू मार्गी लागतील. अधिवेशनातला प्रश्नोत्तराचा तास तेवढा काढता आला, की तुम्ही मंत्री झालात असं समजा.

छापील तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याला मंत्र्याने सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं तो, एकदा हातात घेऊन बघा. साचा ठरलेला असतो. ‘(१) अमुक तालुक्यातील ओढ्यावरील साकव पहिल्याच पावसात वाहून गेला, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने याबाबत चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ नवखा माणूस इथेच घसरतो. साकव गेलाय, गावाने डोळ्यांनी बघितलाय, पोरं दप्तर डोक्यावर घेऊन ओढा ओलांडतायत, तेव्हा ‘हे खरे आहे’ असं लिहून मोकळं व्हावं, असं त्याला वाटतं. तुम्ही ‘हे अंशतः खरे आहे’ असं लिहा. कारण वाहून गेला तो मधला भाग. दोन्ही काठांवरची टोकं जागच्या जागी आहेत, आणि शासनाला टोकांकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

दुसऱ्या भागाला ‘चौकशी सुरू आहे’. चौकशी सुरू आहे म्हणजे विलंब नाही, म्हणून तिसऱ्या भागाला ‘प्रश्न उद्भवत नाही’. प्रश्न त्याच कागदावर दोन बोटं वर छापलेला असतो, तरी उद्भवत नाही. एवढी ताकद मराठीतल्या दुसऱ्या कुठल्या वाक्यात असेल तर मला कळवा.

खरी कसोटी उपप्रश्नांची, म्हणजे उत्तर ऐकून सदस्य तिथल्या तिथे विचारतात त्यांची. लेखी उत्तर खात्याने लिहिलेलं असतं, उपप्रश्न मात्र अंगावर येतो. अशा वेळी अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे बघू नका, कॅमेऱ्यात दिसतं. चिठ्ठी येईलच. चार घड्यांची, घाईघाईत लिहिलेली. ती उघडेपर्यंत ‘अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांनी अतिशय महत्त्वाचा प्रश्न उपस्थित केला आहे, त्यांच्या भावनांशी मी सहमत आहे’ एवढं सावकाश म्हणा. चिठ्ठीवर ‘साहेब, नक्की माहीत नाही’ असं निघालं, तर ‘सविस्तर माहिती पटलावर ठेवण्यात येईल’. तरीही सदस्य बसत नसेल, तर ‘आपल्या दालनात बैठक लावू’. दालनात चहा असतो आणि तिथलं बोलणं कार्यवृत्तात येत नाही.

विरोधकांची मात्र उगाच धास्ती घेऊ नका. ते ओरडतात, हौद्यात उतरतात, कामकाज तहकूब होतं आणि तुमचा प्रश्न आपोआप राहून जातो. त्यांचे मनातल्या मनात आभार माना. घाबरायचं ते आपल्याच बाकावरच्या अभ्यासू माणसाला. १९५७ साली लोकसभेत आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांचे शेअर का घेतले, असा प्रश्न आला. रक्कम सुमारे सव्वा कोटी. तो लावून धरला फिरोज गांधींनी, म्हणजे सत्ताधारी पक्षाच्याच खासदाराने, आणि वर पंतप्रधानांच्या जावयाने. पुढे न्यायमूर्ती छागलांचा चौकशी आयोग बसला. तो मुंबईत उघडपणे, लोकांसमोर चालला आणि महिन्याच्या आत आटोपला. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी घरी गेले. म्हणून तुमच्या पक्षात कोणी कागद वाचणारा आमदार असेल, तर त्याला आजच एखाद्या महामंडळावर घ्या.

आणखी एक खड्डा आहे, तो आश्वासन समितीचा. मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पाळला की नाही, हे ती बघते. ‘बघतो’, ‘करतो’ हे आपण घरी बायकोला रोज म्हणतो, कोणी लिहून ठेवत नाही. सभागृहात ठेवतात. लोकसभेच्या समितीकडे तर कोणकोणते शब्दप्रयोग आश्वासन धरायचे, याची यादीच आहे. ‘बाब विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालीन’, ‘चौकशी करण्यात येत आहे’ ही निरुपद्रवी वाक्यंही त्या यादीत आहेत. म्हणजे ज्या वाक्यांचा अर्थ काहीही करणार नाही असा आपण पिढ्यानपिढ्या लावत आलो, त्यांचा अर्थ ही मंडळी शब्दशः लावतात! दिल्लीत आश्वासन पुरं करायला तीन महिने मिळतात. पण मुदतवाढ मागता येते. मागा.

हिवाळ्यात नागपूरला गेलात की अर्धं काम हवाच करते. दुपारचं ऊन, संत्री, बाहेर मोर्चांची रांग. मोर्चाला सामोरं जायला राज्यमंत्र्यांना पाठवा, निवेदन दोन्ही हातांनी घ्यायला सांगा, फोटोत बरं दिसतं.

वर्षभराने तोच सदस्य तोच साकव घेऊन पुन्हा उभा राहील. यंदाचा प्रश्न असा असेल, ‘(१) उक्त साकवाची उर्वरित दोन्ही टोकेही यंदाच्या पावसात वाहून गेली, हे खरे आहे काय?’ घाबरू नका. या वेळी छाती पुढे काढून लिहा, ‘होय, हे खरे आहे.’ सभागृह क्षणभर गप्प होईल, पत्रकार मान वर करतील. मग दुसऱ्या भागाचं उत्तर सावकाश वाचा, ‘उक्त ठिकाणी साकव अस्तित्वात नसल्याने त्याच्या दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही.’