फुकट ते पौष्टिक!

अमेरिकेतल्या पोलिसांना लष्करी सामान हवंय कशाला, असं आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर लिहिलं, तर एकाने लगेच सुनावलं, "26/11 विसरलास?"

नाही विसरलो रे बाबा. सीएसटीवर एके-47 समोर आपले पोलीस जुनाट थ्री नॉट थ्री घेऊन उभे होते. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळ्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली. त्या रात्रीनंतर पोलिसांना चांगली हत्यारं नकोत असं कोण म्हणेल? अमेरिकेतही असा एक दिवस आहे. 28 फेब्रुवारी 1997, नॉर्थ हॉलिवूड. चिलखत घातलेल्या दोन बँक दरोडेखोरांपुढे पोलिसांची पिस्तुलं चालेनात. शेवटी पोलिसांनी जवळच्या बंदुकीच्या दुकानातून रायफली आणल्या.

माझं भांडण हत्याराशी नाहीच. ते कुठल्या वाटेने येतं, त्याच्याशी आहे.

तिकडे '1033' नावाची योजना आहे. लष्कराला नको झालेलं सामान पोलिसांना फुकट; वाहतूक आणि देखभाल तेवढी स्वतःची. यात ब्लँकेटं, खुर्च्या येतात, तशाच इराकमधले सुरुंग झेलायला बनवलेल्या 'एमरॅप' गाड्याही. लॉस एंजेलिसच्या शाळांच्या पोलिसांकडे तर ग्रेनेड लाँचर होते. शाळांच्या! 2014 मध्ये बोंब झाल्यावर परत केले. आणि 2017 मध्ये सरकारच्याच लेखापरीक्षकांनी अस्तित्वात नसलेलं पोलीस खातं कागदावर उभं करून अर्ज केला, तर त्यांना 12 लाख डॉलरचं सामान मिळालं!

पण खरी मेख एका साध्या नियमात आहे. मिळालेली वस्तू वर्षाच्या आत वापरात आणायची, नाहीतर परत करायची. आता छोट्याशा गावातल्या पोलीस प्रमुखाने दारात उभ्या असलेल्या एमरॅपचं करायचं काय? निमित्त शोधणार. छाप्याला ने, मोर्चाला ने. आपल्याकडे मार्चअखेर निधी कसा 'खर्ची पडतो' ते बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

ऑगस्ट 2014 मध्ये मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसन गावात पोलिसाच्या गोळीने मायकेल ब्राऊन हा निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण मेला आणि लोक रस्त्यावर आले, तेव्हा चिलखती गाडीच्या टपावरून निदर्शकांवर रायफल रोखलेला पोलीस जगाने पाहिला. तिथलं सगळंच सामान या योजनेतलं नव्हतं, हे कबूल. पण वाद तिथूनच पेटला. 2015 मध्ये ओबामांनी काही वस्तूंवर बंदी घातली, 2017 मध्ये ट्रम्पनी ती उठवली, 2022 मध्ये बायडननी पुन्हा निर्बंध आणले, 2025 मध्ये ट्रम्पनी तो आदेशही रद्द केला. बंदीच्या यादीत संगिनीसुद्धा होत्या. पोलिसांना संगीन कशाला लागते, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

मित्राला मी एवढंच विचारलं, 2022 चं युवाल्डी आठवतं का? टेक्सासमधली प्राथमिक शाळा, आत एकच बंदूकधारी. बाहेर शेवटी पावणेचारशेच्या आसपास पोलीस जमले, रायफली, ढाली सगळं होतं. वर्गात शिरायला त्यांना 77 मिनिटं लागली. तोवर आतून मुलं 911 ला, म्हणजे तिकडच्या आणीबाणीच्या नंबरला, फोन करत होती.

ग्रुपवर अजून उत्तर आलेलं नाही.