आवाज गोड असून भागत नाही

विषय काढला वकिलाने. त्याचं म्हणणं एवढंच की आता नॉनफिक्शन, म्हणजे कथा-कादंबऱ्या सोडून बाकीची पुस्तकं, डोळ्यांनी वाचायची गरजच उरली नाही, ऑडिओबुक कानात घालायचं आणि कामाला लागायचं, पाहिजे तेवढी पुस्तकं होतात. एवढं बोलायचा अवकाश, मास्तर उसळले. "होतात म्हणजे काय होतात? संपतात म्हण. संपणं वेगळं, कळणं वेगळं." आणि मग कट्ट्यावर जे पेटलं ते दिवे लागले तरी विझेना. मी ते इथे लिहून काढतोय कारण मी स्वतः नॉनफिक्शन ऐकतोच ऐकतो, या विषयावर माझी मतं ठाम आहेत, आणि त्या आरडाओरड्यात ती अर्धीच मांडता आली.

कट्ट्यावर कोण कोण ते आधी सांगतो. मास्तर गणित शिकवतात, हातात पेन्सिल असल्याशिवाय पुस्तक उघडत नाहीत. वकील सगळं दुप्पट स्पीडला ऐकतो. ताई आवाजाचं काम करते, पुस्तकं रेकॉर्ड केलीयेत तिने. अण्णांची नजर गेली तेव्हापासून त्यांचं सगळं वाचन कानानेच चालतं. धाकट्याला मशीनचा आवाजही चालतो. आणि मी.

मास्तरांचा मुद्दा तसा बिनतोड होता. वाचताना डोळे सरळ पुढे पुढे जात नाहीत, उड्या मारत जातात, आणि शंभरातल्या दहा-पंधरा उड्या तरी मागे जाणाऱ्या असतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणजे वाक्य नीट लागलं नाही की डोळा आपोआप मागे वळून शब्द पुन्हा बघून येतो. "कानाला ही सोय आहे का?" मास्तर म्हणाले. वकील म्हणे बटण आहे की, पंधरा सेकंद मागे. पण मी रोज ऐकतो म्हणून सांगतो, ते बटण म्हणजे ती सोय नव्हे. आपल्याला अडलेला असतो एक शब्द आणि बटण दाबलं की जाऊन पडतो वेगळ्याच वाक्याच्या मध्यात, मग ते वाक्य कुठून आलं ते कळायला आणखी पंधरा सेकंद मागे, आणि तोवर मूळ अडलं होतं काय तेच डोक्यातून गेलेलं असतं.

मग वकिलाने संशोधन काढलं. २०१६ चा एक अभ्यास आहे, त्यात काहींना नॉनफिक्शन पुस्तकाचा भाग वाचायला दिला, काहींना ऐकवला, काहींना दोन्ही एकदम, आणि समज तपासली तर तिन्ही गटांत म्हणावा असा फरक निघाला नाही. मास्तर पण तयारीत होते, त्यांनी २०१० चा अभ्यास काढला, विद्यार्थ्यांना शास्त्रीय विषयावरचा मजकूर एका गटाला छापील आणि एका गटाला पॉडकास्ट करून दिला, नंतर परीक्षा घेतली तर ऐकणारे चांगलेच मागे पडले. आता दोघंही "बघ, मी म्हणालो होतो" करत बसले. मला हे मान्यच नाही, कारण दोन्ही अभ्यास खरे आहेत आणि त्यांच्यात भांडणच नाहीये. २०१६ वाल्यांनी घेतलं होतं दुसऱ्या महायुद्धातल्या एका सैनिकाच्या आयुष्यावरचं पुस्तक, त्यात गोष्ट आहे, माणूस आहे, पुढे काय झालं ही ओढ आहे. दुसऱ्यात होता अभ्यासाचा धडा. नॉनफिक्शन नावाच्या एका पोत्यात आपण काहीही कोंबतो आणि मग ते ऐकावं की वाचावं यावर वाद घालतो, तिथेच गडबड होते. इतिहास, चरित्र, आत्मचरित्र, मोहिमांची वर्णनं, हे सगळं ऐकायला उत्तम, कधीकधी तर वाचण्यापेक्षा सरस. ज्या पुस्तकात एक युक्तिवाद दोनशे पानं हळूहळू चढत जातो ते ऐकता येतं पण नरेटर, म्हणजे पुस्तक वाचून ऐकवणारा, तसा पाहिजे. आणि ज्यात आकृत्या आणि सूत्रं आहेत ते ऐकायच्या भानगडीत पडूच नये.

नरेटर तसा पाहिजे म्हणजे कसा, हाच माझा खरा मुद्दा होता. लोक सॅंपल, म्हणजे पुस्तक घ्यायच्या आधी ऐकवतात तो तुकडा, ऐकतात आणि म्हणतात काय गोड आवाज आहे. आवाज गोड असून भागत नाही हो. नॉनफिक्शनमध्ये नरेटरला मजकूर कळलेला असायला पाहिजे, आणि तो कळलाय की नाही हे एका गोष्टीवरून कळतं, जोर कुठे पडतो. मी कट्ट्यावर उदाहरणच देऊन दाखवलं. "राजाने कर वाढवला नव्हता, वसुली कडक केली होती." साधं वाक्य. यात जोर "कर" वर आणि "वसुली" वर पडला की लेखकाचं म्हणणं लख्ख समजतं. आता हेच वाक्य "राजाने" वर जोर देऊन वाचा. ऐकणारा वाट बघत बसतो की राजाने नाही तर मग कोणी वाढवला, प्रधानाने? सुभेदाराने? उत्तर काही येत नाही, तोवर पुढची तीन वाक्यं गेली. छापील पानावर हा घोटाळा होत नाही कारण जोर आपला आपण देतो आणि चुकला तर डोळा मागे जाऊन दुरुस्त करतो. ऐकताना नरेटरने दिलेला जोर हाच अर्थ होऊन बसतो. असं पानागणिक एकदा झालं तरी प्रकरण संपेपर्यंत आपण थकतो आणि वाटतं की पुस्तक अवघड आहे. पुस्तक अवघड नसतं, ते न समजता वाचलेलं असतं.

ताई म्हणाली हे शंभर टक्के खरं आहे आणि त्याचं कारणही साधं आहे, तयारीला वेळच देत नाहीत. तिने जे सांगितलं ते मला नवीन होतं. चांगलं काम करायचं तर माइकसमोर बसायच्या आधी अख्खं पुस्तक एकदा वाचून काढायचं, माणसांची-गावांची नावं, परक्या भाषेतले शब्द यांची यादी करायची, उच्चार विचारून पक्के करायचे. रेकॉर्डिंगला चूक झाली की थांबायचं, काही सेकंद मागे जायचं, आपलाच आवाज कानात ऐकत त्या लयीत परत शिरायचं आणि तिथून पुढे बोलायचं. तयार झालेल्या एका तासासाठी स्टुडिओत दोन तास सहज जातात आणि एडिटिंग-तपासणी वेगळीच. नंतर कोणीतरी पुस्तक समोर धरून सगळं ऐकतं, चुका काढतं, आणि तेवढीच वाक्यं पुन्हा रेकॉर्ड करून मध्ये बसवतात. मी म्हणलं हो, ती वाक्यं कळतात मला, मध्येच आवाज किंचित वेगळा होतो, जवळून आल्यासारखा वाटतो. ताई म्हणे तेच ते, दुसऱ्या दिवशी घसा वेगळा असतो, माइकपासूनचं अंतर बोटभर बदललेलं असतं. ज्यांना हे सगळं करायला पैसे आणि वेळ मिळत नाही ते पान समोर आलं की वाचत सुटतात, आणि वाक्य कुठे जाऊन संपणार हेच माहीत नसेल तर जोर कुठे द्यायचा हे कसं कळणार?

धाकटा म्हणाला मग सोपं आहे की, लेखकानेच वाचावं, त्याच्याइतकं कोणाला कळणार? आणि बराक ओबामांचं नाव घेतलं, २००६ साली त्यांना स्वतःचं आत्मकथन स्वतः वाचल्याबद्दल ग्रॅमी मिळालं, २०२० मध्ये मिशेल ओबामांनाही तसंच. आत्मचरित्राबद्दल मला शंभर टक्के पटतं. ज्याच्या आईबद्दल ते प्रकरण आहे त्यानेच ते वाचलं पाहिजे, तिथे उच्चार थोडा अडखळला तरी चालतो. पण ही माणसं आयुष्यभर माइकसमोर बोललेली आहेत हे विसरू नका. एरवीच्या विद्वान लेखकाला जोर कुठे द्यायचा हे माहीत असतं, पण दम नसतो. पहिलं प्रकरण जोशात, मग वाक्याचा शेवट खाली पडायला लागतो, शेवटचा शब्द ऐकूच येत नाही, आणि क्रियापद तर आपल्याकडे शेवटीच असतं! माझ्या मते सगळ्यात चांगला तोडगा म्हणजे प्रस्तावना लेखकाने वाचायची आणि बाकी पुस्तक कसलेल्या नरेटरने. काही प्रकाशक असं करतातही. लेखकाचा आवाज, त्याचा ठेका एकदा कानात बसला की पुढे नरेटरमधूनही तोच बोलतोय असं वाटत राहतं.

अण्णा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "तुम्ही सगळे आवडीनिवडीचं बोलताय. हा प्रकार मुळात निघाला कोणासाठी?" आणि मग त्यांनी सांगितलं, अमेरिकेत १९३१ साली अंध प्रौढांना पुस्तकं पुरवायचा कायदा झाला आणि १९३४ पासून बोलती पुस्तकं तबकड्यांवर यायला लागली, एका बाजूवर पाव तासाच्या आसपास मजकूर मावायचा, म्हणजे एका पुस्तकाला तबकड्यांचा गठ्ठाच. गाण्यांच्या लाँग प्लेइंग रेकॉर्ड बाजारात आल्या १९४८ साली, त्याच्या कितीतरी आधी. ब्रिटनमध्ये १९३५ ला सुरू झालं, त्यामागे पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेले सैनिक होते. "आम्ही ऐकतो ते वेळ वाचवायला नाही," अण्णा म्हणाले, "आमच्यासाठी हेच पुस्तक आहे."

आणि त्यांच्या तक्रारी ऐकल्यावर आम्ही सगळेच गप्प झालो. पहिली, अवतरणं. कोणी पत्र किंवा भाषण उद्धृत केलं की काही नरेटर नाटकच सुरू करतात, जर्मन माणूस असेल तर जर्मन ढंगात, म्हातारा असेल तर कापऱ्या आवाजात. नको ते. उद्गार कुठे सुरू झाला आणि कुठे संपला एवढं कळलं पाहिजे, त्याला अर्धा सेकंद थांबणं आणि आवाज एक पट्टी उतरवणं पुरतं. शेवट कळला नाही तर लेखकाचं मत कुठलं आणि ज्याच्यावर तो टीका करतोय त्याचं कुठलं हेच समजत नाही, आणि हे भयंकर आहे, माणूस उलटाच अर्थ घेऊन उठतो. दुसरी तक्रार म्हणजे तक्ते. एक तर गाळतात, नाहीतर रकान्यामागून रकाना आकडे वाचत सुटतात, नाहीतर "सोबतची पीडीएफ पाहा". "मी काय पाहू?" अण्णा एवढंच म्हणाले.

माझं मत, ऑडिओसाठी तक्त्याचं वाक्य करावं. पन्नास आकड्यांऐवजी, पहिल्या दहा वर्षांत दुप्पट झालं आणि पुढच्या दहात तिथेच थांबलं, असं लेखकाकडूनच दोन ओळींत लिहून घ्यावं. मास्तरांना हे अजिबात पटलं नाही, म्हणे ही मजकुराशी छेडछाड आहे, आकडे बघून निष्कर्ष काढायचा हक्क वाचकाचा. ताई म्हणाली लेखकाची परवानगी घेतली तर छेडछाड कसली. यावर बराच वेळ गेला.

स्पीडवर मी वकिलाला सोडलं नाही. इंग्रजी ऑडिओबुकात तासाला साधारण ९,३०० शब्द धरतात, म्हणजे मिनिटाला दीडशेच्या थोडे वर. लाखभर शब्दांचं पुस्तक पावणेअकरा तासांचं होतं. मनात वाचण्याचा इंग्रजी नॉनफिक्शनचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द निघालाय, म्हणजे ऐकणं हळूच पडतं हे खरं, आणि म्हणून सव्वापट-दीडपट करायला माझी ना नाही, मीही रेंगाळणाऱ्या नरेटरला सव्वापट करतो. आता सॉफ्टवेअर आवाजाची पट्टी न बदलता वेग वाढवतं, जुन्या टेपसारखा आवाज चिरका होत नाही, म्हणून आपल्याला वाटतं काही बिघडलं नाही. पण दुप्पट केलं की थांबेही निम्मे होतात. आणि चांगला नरेटर परिच्छेदाच्या शेवटी जो थांबतो ना, तिथेच आपल्या डोक्यात ते वाक्य बसत असतं. वकील म्हणे मला सवय झालीय. असेल, मग मागच्या आठवड्यात ऐकलेल्या पुस्तकाचा मूळ दावा सांग म्हणलं. त्याने सांगितला, बरोबर सांगितला, पण पुरावा काय दिला होता ते काही सांगता येईना. नॉनफिक्शनमधून पुरावाच निसटला तर उरलं काय?

शेवटी मशीनच्या आवाजावर आलो. धाकटा म्हणे २०२३ च्या जानेवारीपासून ॲपलनेही मशीनच्या आवाजातली पुस्तकं आणलीत, ज्या पुस्तकांना कधीच नरेटर मिळाला नसता ती ऐकायला मिळतात, वाईट काय आहे? ताई चिडली, तिच्या पोटाचा प्रश्न आहे आणि ते बरोबरच आहे. पण नेमकं बोलले पुन्हा अण्णाच. ते कितीतरी वर्षं स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरतायत, तो जुना सपाट आवाज, आणि त्यांना तो चालतो. "तो आवाज जोर देतच नाही," ते म्हणाले, "सगळं सपाट, मग जोर मी माझ्या मनात देतो, तुम्ही पानावर देता तसाच. नवीन मशीन माणसासारखा जोर देते, ऐटीत देते, आणि चुकीच्या शब्दावर देते. मला फसवते ती." माझा अर्धा तास चाललेला मुद्दा अण्णांनी चार वाक्यांत सांगून टाकला. म्हणून संदर्भासाठी, एखादा अहवाल चाळायला मशीन ठीक, पण युक्तिवादाचं पुस्तक समजलेल्या माणसाकडूनच ऐकावं असं माझं मत त्या दिवशी आणखी पक्कं झालं.

उठता उठता मास्तरांनी विचारलं, बरं, ऐकायचंच झालं तर घेऊ काय आणि निवडू कसं? म्हणलं इतिहास घ्या, चरित्र घ्या, आणि सॅंपलवर जाऊ नका, सॅंपल बहुतेक सुरुवातीचंच असतं आणि सुरुवात सगळेच मन लावून वाचतात. लायब्ररीतून घ्या किंवा परत करता येतं अशा ठिकाणाहून घ्या, मधलं एखादं प्रकरण लावा, नावांची आणि आकड्यांची गर्दी असलेलं, आणि नरेटर तिथे कसा चालतो ते बघा. मास्तर म्हणाले ठीक आहे, पण छापील प्रत शेजारी घेऊन बसणार. वकील म्हणाला मग ऐकता कशाला. त्यावर ताई म्हणाली की दोन्ही एकदम करणारे खूप लोक आहेत आणि त्याच २०१६ च्या अभ्यासात तोही गट होता की, आणि मास्तर आणि वकील पुन्हा सुरू झाले.