ब्रॅडबरीने जर्सी ओढली होती: सुपर बोल ५७ ‘चोरला’ या दाव्याला उत्तर

दावा असा आहे की १२ फेब्रुवारी २०२३ रोजी ॲरिझोनातल्या ग्लेनडेलमध्ये झालेला सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगचा अंतिम सामना) फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्ध कॅन्सस सिटी चीफ्सने जिंकलाच नाही, पंचांनी तो त्यांच्या पदरात टाकला. नसलेलं होल्डिंग (प्रतिस्पर्ध्याला धरून अडवण्याचा फाउल) पुकारलं, तेही ज्या पासपर्यंत कुणी पोहोचूच शकत नव्हतं त्याच्यावर, तेही शेवटच्या दोन मिनिटांत. संध्याकाळभर पंच चीफ्सच्याच बाजूने होते आणि फाउल दाखवायला पंच टाकतात तो रुमाल पडला नसता तर करंडक फिलाडेल्फियाला आला असता. दर सीझनला एक स्लो-मोशन क्लिप जोडून हा मजकूर नव्याने फिरतो. न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाकडच्या मराठी घरांतही तो आता सिद्ध झालेल्या गोष्टीसारखा बोलला जातो. मी ईगल्सचा पाठीराखा आहे आणि तो पराभव मला आजही सलतो. तरीही हा दावा टिकत नाही.

प्रसंग आधी नीट मांडतो. स्कोअर ३५-३५. चीफ्सचा तिसरा डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसरा), आठ यार्ड हवे होते, चेंडू ईगल्सच्या १५ यार्ड रेषेवर आणि घड्याळात १ मिनिट ५४ सेकंद. चीफ्सचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) पॅट्रिक महोम्सने रिसीव्हर (पास झेलणारा) जुजू स्मिथ-शुस्टरकडे फेकलेला चेंडू बराच पुढे जाऊन पडला. तिथेच थांबलं असतं तर चीफ्सनी फील्ड गोल (लाथेने मारलेला, तीन गुणांचा) मारला असता आणि ईगल्सला उत्तर द्यायला पावणेदोन मिनिटांच्या आसपास वेळ मिळाला असता. पण ईगल्सचा कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा बचावपटू) जेम्स ब्रॅडबरीविरुद्ध होल्डिंग पुकारलं गेलं. दंड पाचच यार्डांचा, पण त्याबरोबर फर्स्ट डाउन, म्हणजे नवे प्रयत्न, आपोआप मिळतो, आणि खरा घाव तो होता. चीफ्सनी घड्याळ खाली आणलं, आठ सेकंद उरले असताना हॅरिसन बटकरने २७ यार्डांवरून फील्ड गोल मारला आणि सामना ३८-३५ असा संपला.

‘होल्डिंग झालंच नव्हतं’

या मुद्द्यावर खरं तर वाद उरायलाच नको होता, कारण सामना संपल्यावर खुद्द ब्रॅडबरीने पत्रकारांना सांगितलं की होल्डिंग होतं, मी त्याची जर्सी ओढली, पंच सोडून देतील अशी आशा होती. त्यावर काही जण म्हणतात की तो सभ्यपणे बोलला, दंड होईल म्हणून घाबरला. पंचांवर टीका केली तर लीग दंड करते हे खरं आहे. पण दंड टाळायचा असेल तर खेळाडू ‘मला यावर बोलायचं नाही’ म्हणून निघून जातो. स्वतः होऊन गुन्हा कबूल करा अशी सक्ती कुणावर नसते. आयुष्यातला सर्वात मोठा सामना नुकताच हरलेला माणूस कॅमेऱ्यांसमोर उभा राहून खरं बोलला, आणि दोष आम्हाला पंचांवर ढकलायचा आहे म्हणून आम्ही त्यालाच खोटं ठरवतो. हे मला पटत नाही.

क्लिपचंही बघू. फिरणाऱ्या क्लिपमध्ये दिसतं ते एवढंच: स्मिथ-शुस्टर वळून बाहेरच्या बाजूला पळतोय आणि ब्रॅडबरीचा हात त्याच्या पाठीवर हलकेच टेकलेला आहे. तेवढ्यावर कुणीही म्हणेल की यात काय होल्डिंग! पण पंचांनी पकडलं ते त्या हाताला नाही. क्लिप अर्धा सेकंद मागे न्या आणि दुसऱ्या कोनातून बघा. स्मिथ-शुस्टर आधी आतल्या बाजूला जातो, तिथे पाय रोवतो आणि उलटा बाहेर निघू पाहतो. या वळणावर बचाव करणारा हमखास मागे पडतो, रूट (रिसीव्हरच्या धावण्याचा मार्ग) त्यासाठीच आखलेला असतो. नेमक्या त्या क्षणी ब्रॅडबरीच्या उजव्या हाताच्या मुठीत पांढरी जर्सी येते आणि कापड अंगापासून ताणलं जातं. रेफरी कार्ल शेफर्सने सामन्यानंतर हेच सांगितलं: रिसीव्हर आत गेला, बाहेर सुटायला बघत होता, बचाव करणाऱ्याने उजव्या हाताने जर्सी धरून त्याला अडवलं. ब्रॅडबरी आणि शेफर्स या दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांतून एकच घटना सांगितली आहे.

‘पास पकडण्याजोगाच नव्हता’

ही नियमाची गल्लत आहे. चेंडू पकडता येण्याजोगा होता की नाही, हा प्रश्न पास इंटरफिअरन्समध्ये (चेंडू हवेत असताना झेलणाऱ्याला अडवण्याच्या फाउलमध्ये) येतो. होल्डिंग चेंडू हवेत जायच्या आधीचं असतं. चेंडू दुसऱ्याच रिसीव्हरकडे गेला किंवा क्वार्टरबॅकने फेकलाच नाही, तरी होल्डिंग ते होल्डिंगच. शिवाय अशा वेळी पास लांब का जातो हेही लक्षात घ्यावं. क्वार्टरबॅक अंदाजाने फेकतो. रिसीव्हर अमुक क्षणी अमुक जागी असेल हे धरून चेंडू आधीच सुटलेला असतो, आणि ज्याला वळणावर धरून ठेवलंय तो तिथे वेळेवर पोहोचणार कसा? धरलं नसतं तर स्मिथ-शुस्टरने तो पास नक्की झेलला असता असं मी म्हणत नाही. फेक तशीही जरा लांबच होती. पण चेंडू किती लांब पडला यावरून होल्डिंग झालं की नाही ते ठरत नाही.

‘शेवटच्या दोन मिनिटांत असा रुमाल काढू नये’

हा मुद्दा लोकांना मनापासून पटतो. त्या रात्री समालोचन करणारा ग्रेग ओल्सनही, स्वतः एकेकाळचा टाइट एंड (पास झेलणारा खेळाडू), हेच म्हणत होता की या टप्प्यावर खेळाडूंना खेळू द्यावं. ऐकायला छान वाटतं. पण पंचांनी रुमाल खिशातच ठेवला तर काय होतं, याचं उत्तर याच लीगने चार वर्षं आधी बघितलं आहे, आणि तेही जवळजवळ याच परिस्थितीत.

२० जानेवारी २०१९, न्यू ऑर्लिन्स. एनएफसीचा (लीगच्या दोन गटांपैकी एकाचा) अंतिम सामना, सेंट्स विरुद्ध रॅम्स. स्कोअर २०-२०. तिसरा डाउन, चेंडू रॅम्सच्या १३ यार्ड रेषेवर, १ मिनिट ४९ सेकंद बाकी. सेंट्सच्या ड्रू ब्रीझने टॉमीली लुईसकडे पास फेकला. चेंडू पोहोचायच्या आधीच रॅम्सचा निकेल रॉबी-कोलमन लुईसवर जाऊन आदळला. मागे वळून चेंडूकडे त्याने बघितलंही नव्हतं. अख्ख्या स्टेडियमला ते दिसलं. रुमाल पडला नाही. सेंट्सना फील्ड गोलवर भागवावं लागलं, रॅम्सनी उरलेल्या वेळात बरोबरी केली आणि जादा वेळेत ग्रेग झुर्लाइनच्या ५७ यार्डांच्या फील्ड गोलवर २६-२३ ने जिंकून सुपर बोल गाठला. रॉबी-कोलमननेही नंतर मान्य केलं की आपण चेंडू येण्याआधीच धडकलो होतो. लीगच्या पंचप्रमुखाने सेंट्सच्या प्रशिक्षकाला फोन करून चूक कबूल केली. लुइझियानाच्या गव्हर्नरने लीगच्या आयुक्तांना पत्र लिहिलं. प्रकरण इतकं तापलं की २०१९ च्या सीझनपुरता पास इंटरफिअरन्स रीप्लेच्या कक्षेत आणला गेला. तो प्रयोग फसला आणि एका वर्षात गुंडाळावा लागला.

म्हणजे रुमाल खिशात ठेवणं हाही निर्णयच असतो आणि त्याचाही फायदा कुणाला तरी मिळतोच. शेवटच्या दोन मिनिटांत जर्सी धरायला मोकळीक आहे असं एकदा कळलं की प्रत्येक कॉर्नरबॅक धरणार. शेवटच्या षटकात गोलंदाजाचा पाय रेषेपुढे पडला तर वर्ल्ड कपची फायनल आहे म्हणून नो-बॉल द्यायचा नाही, असं आपण कधी म्हणत नाही. ब्रॅडबरीने सोडून देतील अशी आशा धरली होती, यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. प्रत्येक कॉर्नरबॅक ती आशा धरतो. पण ती पूर्ण करणं हे पंचांचं काम नाही.

शेवटच्या क्षणीचा प्रत्येक रुमाल बरोबरच असतो असंही नाही. आदल्याच वर्षीच्या सुपर बोलमध्ये, रॅम्स-बेंगल्स सामन्यात, बेंगल्सच्या लोगन विल्सनवर तिसऱ्या डाउनला पुकारलेलं होल्डिंग मला आजही पोकळ वाटतं. रॅम्सच्या कूपर कपला त्याने अडवल्याचं कुठल्याच कोनातून धड दिसत नाही, आणि बेंगल्सच्या चाहत्यांचा राग मला समजतो. पण त्या निर्णयात जे नव्हतं तेच इथे आहे: मुठीतलं कापड, आणि धरणाऱ्याची कबुली.

‘संध्याकाळभर पंच चीफ्सच्या बाजूने होते’

यातला एक भाग दमदार आहे. त्या सामन्यात पंचांनी बरंच मोकळं सोडलं होतं. दोन्ही संघ मिळून नऊच दंड स्वीकारले गेले, सहा ईगल्सवर आणि तीन चीफ्सवर. इतका वेळ मोकळीक दिल्यावर नेमका तेव्हा कडकपणा का, हा प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर दुसऱ्या क्लिपने द्यावं लागेल. वळणाऱ्या रिसीव्हरची जर्सी अशीच ओढली गेली, पंचांच्या डोळ्यांसमोर ओढली गेली आणि सोडून दिली, असं दाखवणारी क्लिप. दावा करणारे ती जोडत नाहीत, पुन्हा तीच पाठीवरच्या हाताची जोडतात.

पक्षपातच म्हणाल तर तिसरा क्वार्टर आठवा. ईगल्सच्या माइल्स सँडर्सच्या हातून चेंडू निसटला, चीफ्सच्या निक बोल्टनने तो उचलून थेट टचडाउनपर्यंत (सहा गुणांच्या शेवटच्या पट्ट्यात) नेला आणि मैदानावर तो टचडाउन दिलाही गेला. रीप्ले बघून पास अपूर्ण, म्हणजे झेललाच गेला नाही, असा ठरवला आणि चीफ्सचे गुण गेले. तेव्हा स्कोअर २४-२१ असा आपल्या बाजूने होता, तो टचडाउन टिकला असता तर आघाडी तिथेच गेली असती. ईगल्सच्या डॅलस गोडर्टच्या कॅचवर चीफ्सचा प्रशिक्षक अँडी रीडने आव्हान दिलं, निर्णय ईगल्सच्या बाजूने कायम राहिला. उलट पहिल्या हाफच्या शेवटी ईगल्सच्या डेव्हॉन्टा स्मिथचा मोठा कॅच रीप्लेत रद्द झाला, तो आपल्या विरुद्ध गेला. मोठे निर्णय दोन्हीकडे गेले.

शेफर्सवरचा आरोप तर उलटा फिरतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टॅम्पाला झालेल्या सुपर बोलचा रेफरी तोच होता. त्या सामन्यात चीफ्सवर पहिल्या हाफमध्येच आठ दंड, ९५ यार्ड. टायरन मॅथ्यूचं इंटरसेप्शन रद्द झालं, कारण चीफ्सच्याच कॉर्नरबॅकवर होल्डिंग पुकारलं गेलं. चीफ्स ३१-९ ने हरले. तेव्हा कॅन्सस सिटीचे लोक आज आपण म्हणतो तेच म्हणत होते.

‘रुमाल नसता तर ईगल्स जिंकले असते’

रुमाल पडला नसता तर चौथा डाउन आला असता आणि चीफ्सचा किकर बटकर साधारण ३३ यार्डांवरून मारायला उभा राहिला असता. पहिल्या क्वार्टरमध्ये त्याचा ४२ यार्डांचा प्रयत्न खांबाला लागून बाहेर गेला होता, त्यामुळे शंभर टक्के कुणी म्हणू नये, पण एवढ्या अंतरावरून असे किकर सहसा चुकत नाहीत. म्हणजे ३८-३५ आणि चेंडू ईगल्सचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सकडे. त्या रात्री हर्ट्सने पासवर ३०४ यार्ड मिळवले होते आणि तीन टचडाउन स्वतः धावून केले होते. त्याला ती पावणेदोन मिनिटं मिळाली नाहीत याचं दुःख खरं आहे. पण त्या वेळात फील्ड गोल मिळाला असता तर फक्त बरोबरी झाली असती आणि जिंकायला टचडाउन लागला असता. आपली एक चांगली संधी गेली. तिला हातातला विजय म्हणता येत नाही.

शिवाय दंडानंतरही चीफ्सना काम करावंच लागलं. चीफ्सच्या जेरिक मॅकिननसमोर टचडाउनची वाट मोकळी होती. तो दोन यार्डांवर स्वतःहून खाली बसला, कारण धावत आत गेला असता तर चेंडू वेळेसकट ईगल्सला परत मिळाला असता. हातातले सहा गुण सोडून घड्याळ निवडणं हे डोकं शाबूत ठेवून खेळणाऱ्या संघाचं लक्षण आहे.

आणि मुळात ३५-३५ ची वेळ का आली? हाफटाइमला ईगल्स २४-१४ ने पुढे होते. दुसऱ्या हाफमध्ये चीफ्सना चेंडू मिळाला त्या प्रत्येक वेळी त्यांनी गुण केले: तीन टचडाउन, मग तो फील्ड गोल. चौथ्या क्वार्टरमध्ये चीफ्सचा कडेरियस टोनी मधल्या दिशेने निघाल्यासारखा पळाला, स्नॅप (चेंडू खेळात येणं) होताच उलटा वळला आणि त्याच्याजवळ ईगल्सचा एकही खेळाडू नव्हता. थोड्याच वेळात स्काय मूरने दुसऱ्या बाजूने तीच चाल केली, तोही तसाच एकटा उभा होता. मधल्या काळात टोनीने ६५ यार्डांचा पंट रिटर्न (ईगल्सनी लाथाडलेला चेंडू घेऊन उलटी धाव) केला, सुपर बोलच्या इतिहासातला सर्वात लांब. त्याआधी हर्ट्सच्या हातून, कुणी धक्काही न लावता, निसटलेल्या चेंडूवर बोल्टनने टचडाउन केला होता. यातल्या एकाही गोष्टीत पंच नव्हते. सीझनभरात ७० सॅक (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) करणाऱ्या ईगल्सच्या बचावफळीने त्या रात्री, घोटा दुखावलेल्या महोम्सला, एकदाही सॅक केलं नाही.

दोन वर्षांनी, ९ फेब्रुवारी २०२५ रोजी, न्यू ऑर्लिन्समध्ये हेच दोन संघ पुन्हा भिडले. तिथेही सुरुवातीलाच ईगल्सच्या ए. जे. ब्राउनचा चौथ्या डाउनवरचा कॅच पास इंटरफिअरन्स पुकारून रद्द झाला, आणि आपल्यातले बरेच जण तेव्हाही ओरडले. मग बचावफळीने महोम्सला सहा वेळा सॅक केलं आणि ईगल्स ४०-२२ ने जिंकले.