किशोर पात्रे मिळतील: थोडी वापरलेली, उत्तम स्थितीत

वयात येणाऱ्या मुलांवर कादंबरी लिहायची म्हणताय? झकास. फक्त स्वतःचं ते वय आठवत बसू नका. त्यात वेळ फार जातो आणि हाती लागतात ती बहुतेक कोणाला सांगता न येण्यासारखी प्रकरणं. पात्रं तयार मिळतात. थोडी वापरलेली आहेत, पण कुठे पोचा आलेला नाही.

आधी नायक घ्या. वय पंधरा-सोळा. त्याला कोणीच समजून घेत नाही आणि हे तो तीनशे पानं समजावून सांगतो. दिसायला बेताचा ठेवा, निरीक्षणशक्ती मात्र चाळिशीतल्या लेखकाची द्या. बाकावर कर्कटकाने कोरलेली नावं दिसली की त्याला काळाचं क्षणभंगुरत्व सुचलं पाहिजे. मला त्या वयात तीच नावं बघून आपलं याहून खोल कसं कोरता येईल एवढंच सुचायचं. माझ्यावर कोणी कादंबरी लिहिली नाही ती उगाच नव्हे. पुटकुळी एकच, तीही महत्त्वाच्या दिवशी. फुटलेला आवाज, घामाचा वास, आरशासमोर घालवलेला तास, असल्या गोष्टींनी आशयाची खोली कमी होते.

ही काळजी न घेतल्याने काय होतं बघा. १९६७ साली 'द आउटसायडर्स' प्रसिद्ध झाली तेव्हा तिची लेखिका एस. ई. हिंटन अठरा वर्षांची होती, आणि लिहायला घेतली तेव्हा तर शाळेतच होती. साहजिकच गोंधळ झाला. एक खून झालाय, दोन पोरं लपून बसलीत, ओळखू येऊ नये म्हणून केस कापून रंग बदलायचा ठरतो, आणि नायक हळहळतोय कशासाठी, तर केसांसाठी! अनुभव कमी असला की असं होतं. तुम्ही चाळिशी ओलांडलीय, तुम्हाला हा धोका नाही.

आता ती मुलगी. ती वर्षाच्या मध्येच शाळेत येते, का ते विचारायचं नाही. केस स्वतःच कापलेले, पावसात छत्री नको असते, कोणी ऐकत नाही अशी गाणी ऐकते. नायकाच्या आयुष्यात तिला भयंकर रस, स्वतःच्या आयुष्यात बेताचाच. २००७ साली नेथन रॅबिन या अमेरिकन समीक्षकाने सिनेमातल्या अशा मुलींसाठी 'मॅनिक पिक्सी ड्रीम गर्ल' असं नाव काढलं. ते इतकं चाललं की जरा वेगळी वागणारी कुठलीही नायिका लोक त्याच पोत्यात घालू लागले. शेवटी २०१४ मध्ये रॅबिननेच लेख लिहून त्या नावाबद्दल माफी मागितली. मुली जन्माला घालणाऱ्या लेखकांपैकी कोणी माफी मागितल्याचं ऐकिवात नाही, तेव्हा बिनधास्त लिहा. फक्त शेवटाआधी तिला घालवा. दुसऱ्या गावी पाठवली तर पत्रं लिहावी लागतात. मेलेली सोयीची. मागे एक वही ठेवली की झालं.

दांडगाई करणाऱ्या मुलाला घरी बाप मारतो, हे एका परिच्छेदात उरका. नायकाच्या आईवडिलांना बंद दाराआड भांडायला लावा. टेबलावर बसून 'पुस्तकं मिटा' म्हणणारे सर हवेतच; त्यांची नोकरी गेली पाहिजे.

राहिला मित्र. जाड चष्मा, एका काडीला चिकटपट्टी. याला कामं दोन. एरवी विनोद करायचे आणि दोन-तृतीयांश पुस्तक झालं की म्हणायचं, "तू बदललास रे." मग दोन प्रकरणं अबोला. नंतर नायक दारात येऊन उभा राहतो आणि मित्र लगेच विरघळतो, कारण पानं संपत आलेली असतात. याला घर देऊ नका, भावंडं देऊ नका, परीक्षेत किती पडले तेही नको. नायक आला की हा हजर, नायक गेला की खुंटीला.

एक शेवटची सूचना, अनुभवाची. घरात पंधरा वर्षांचं कोणी असेल तर हस्तलिखित कुलपात ठेवा. माझं भाचीच्या हाती लागलं. खाली मान घालून तिने चाळीस पानं वाचली, मी समोर बसून तिच्या चेहऱ्यावर काही हलतंय का ते बघत होतो. मग तिने विचारलं, "मामा, हा चष्मेवाला घरी गेल्यावर काय करतो?"

मी म्हटलं, तो घरी जात नाही.

"मग झोपतो कुठे?"

प्रश्न रास्त होता. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी त्याला दमा देऊन टाकला.