लिटरभर पाण्याची पुडी

२०२२च्या जुलैत मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत विहिरीच्या पाण्यातून कॉलरा पसरला, माणसं दगावली. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. दिलीप महालनबीस गेले. पद्मविभूषण मिळाला तोही मरणोत्तर. विदर्भातल्या खेड्यात त्यांचं नाव क्वचितच कुणी ऐकलं असेल. त्यांची पुडी, म्हणजे हगवणीत पाण्यात कालवून पाजायची ओआरएसची पावडर, मात्र आशाताईच्या पिशवीत असते.

लंडनमध्ये मुलांच्या रुग्णालयात काम केलेला हा डॉक्टर कोलकात्याला परतला. १९७१मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावला, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांत कॉलरा उसळला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा त्यांनी लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा असं मिश्रण पिंपांत कालवलं आणि पाजायचं काम नातेवाइकांवरच सोपवलं. आतड्यातून आत जाताना ग्लुकोज मिठाला सोबत नेतं, त्यामागे पाणी जातं, हे आधीच कळलेलं होतं. चिखलात, घरच्यांच्या हातूनही ते साधतं, हे त्यांनी दाखवलं. मृत्यू ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ३.६वर आले. या पाण्याला ते ‘ओरल सलाईन’ म्हणत. ‘डॉक्टर, सलाईनच लावा’ म्हणून अडून बसणाऱ्यांना आजही हेच नाव सांगावं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवरून ‘ओआरएस’ हे नाव हटवा, असा आदेश अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५मध्ये काढला. त्यावर तिकडे भारतात बराच वाद झाला. आदेश योग्यच आहे. अशा पेयांतली जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढते आणि हगवण वाढते. पण लेबल बदलून माप सुधारत नाही.

इथे ब्रिटनमध्ये पुडी २०० मिलीची, म्हणजे एक पेला. चुकायला जागाच कमी. आपली मोठी पुडी साडेवीस ग्रॅमची, अख्ख्या लिटरची. घरात लिटरचं माप नसतं. मग चमचाभर पावडर पेल्यात टाकतात, उरलेली गुंडाळून फळीवर. दाट झालं तर अंगात मीठ वाढतं, पातळ झालं तर क्षार पुरत नाहीत. लहान पुडी आपल्याकडेही मिळते. मेळघाटात, गडचिरोलीत तीच वाटली पाहिजे. तोवर आशाताईने लिटरच्या बाटलीने पाणी मोजून प्रत्येक घरातल्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, खिळ्याने खूण करून द्यावी.

कालवलेलं पाणी २४ तासांनी फेकायचं. ओकारी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजायचं. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. आणि झिंक! हगवण थांबली की घरचे झिंकच्या गोळ्याही थांबवतात; तसं करू नये. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, पूर्ण १४ दिवस.