पाळण्याचं वय काय?

परवा संध्याकाळी सोलापूरच्या होम मैदानापाशी गाडी बाजूला लावून तासभर उभा होतो. पाळणे उतरवायचं काम चाललं होतं. अक्षता, होम, दारूकाम हे सगळं संक्रांतीच्या आसपास होऊन जातं, पण सोलापूरच्या पोरांना गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे पाळणेच. ते उतरायला लागले की खरी यात्रा संपते. लहानपणी अप्पांचा हात धरून हे बघायला यायचो. अप्पा मिलमध्ये फिटर होते. पाळण्यात बसण्यापेक्षा तो सुटा झालेला बघण्यात त्यांना जास्त रस.

वर एक पोरगा पट्टा न लावता आडव्या पाइपवर बसून हातोड्यानं पिना ठोकून काढत होता. खाली दुसरा त्या घमेल्यात गोळा करत होता. एक पिन घरंगळत माझ्या पायाशी आली. उचलून बघितली. अंगठ्याएवढी जाड, मधोमध झिजून खाच पडलेली, नख फिरवलं तर अडकत होतं. पिन एवढी झिजली म्हणजे ती ज्या भोकात बसते तेही लांबट झालं असणार. मी मुकादमाला म्हटलं, "मामा, ही बाद करा, पुढच्या गावाला नेऊ नका." माणूस चांगला होता. हातात घेऊन नीट बघितली आणि म्हणाला, "मालक, आमच्यात पिना बाद होत नाहीत. हरवली तरच नवीन येते."

दोन दिवस हे वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

माझं अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथ आणि वेल्डिंगचं छोटं दुकान आहे. पॉवरलूमचे तुटलेले शाफ्ट येतात, ते बनवून द्यायचे. तुटलेला शाफ्ट हातात घेतला की तो कसा तुटला हे त्याच्या तोंडावरच दिसतं. एका बाजूला गुळगुळीत, काळपट भाग असतो आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक रेषा. उरलेला भाग खडबडीत, चमकणारा. ज्या क्षणी तुटला तो फक्त त्या चमकणाऱ्या भागाचा क्षण. रेषांचा भाग आधीपासून, कित्येक महिने, हळूहळू फाटत आलेला असतो आणि बाहेरून कुणालाच दिसत नाही. अप्पा म्हणायचे, लोखंड थकतं. पुढे कळलं की इंजिनिअरही तेच म्हणतात. एका झटक्यात न मोडणारं लोखंड तोच ताण लाखो वेळा पडला की भेगाळतं, आणि भेग बहुतेक वेळा वेल्डिंगच्या कडेला किंवा भोकाच्या कोपऱ्यात सुरू होते. ब्रेक डान्स, टोराटोरा, झुलणारी नाव, जत्रेतल्या या सगळ्या पाळण्यांचं कामच मुळात तोच ताण पुन्हा पुन्हा देण्याचं.

2017 च्या जुलैत अमेरिकेत ओहायोच्या राज्य जत्रेत असाच एक झुलणारा, गरगरणारा पाळणा चालू असताना मोडला. 18 वर्षांचा एक मुलगा गेला. पाळणाही 18 वर्षांचाच होता. जत्रेचा पहिला दिवस, त्याच दिवशी तपासणी होऊन पास झालेला. बनवणाऱ्या कंपनीनं नंतर सांगितलं की बैठक धरणारा पोकळ बीम आतून गंजून गंजून पातळ झाला होता. बाहेरून रंग चांगला. डोळ्यांनी बघून दिलेल्या दाखल्याची ही मर्यादा आहे. आपल्याकडे 14 जुलै 2019 ला अहमदाबादच्या कांकरियाला लोलकासारखा झुलणारा पाळणा मोडून कोसळला, माणसं गेली. तो तर कायम एका जागी असलेला. मग जो वर्षातून कितीतरी वेळा उतरतो, ट्रकवर आदळत जातो आणि नव्या मैदानात लाकडी ठोकळे टाकून पुन्हा उभा राहतो, त्याचं काय?

पाळणे बंद करा असं मी म्हणत नाही. माझी भाची दरवर्षी बसते आणि मीच नेतो. चार वर्षांपूर्वी तिच्या बैठकीच्या दांडीचं लॉक सुतळीनं बांधलेलं दिसलं, तेव्हा आरडाओरडा करून पाळणा थांबवला. पैसे परत मिळाले, आणि आमच्या मागची माणसं त्याच बैठकीत जाऊन बसली. तरीही पाळणे हवेत. इमॅजिकाचं तिकीट परवडत नाही अशा घरांची वर्षातली ही एकच मजा असते.

चालवणाऱ्या पोरांवर तर अजिबात राग नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत लिव्हर धरायचा आणि रात्री त्याच पाळण्याच्या खाली झोपायचं. ऑस्ट्रेलियात ड्रीमवर्ल्ड म्हणून मोठं पार्क आहे. 25 ऑक्टोबर 2016 ला तिथल्या पाण्याच्या राइडचा पंप बंद पडला, पाणी उतरलं, एक तराफा अडकला, मागून आलेला त्यावर आदळला. चार जण गेले. पंप त्याच दिवशी आधी दोनदा बंद पडला होता. तराफे ओढणारा पट्टा दोन सेकंदांत थांबवणारं बटण चालवणाऱ्या मुलीच्या जवळच होतं, पण त्या राइडचं काम तिला त्याच सकाळी शिकवलेलं आणि ते बटण कशाचं हे कुणी धड सांगितलंच नव्हतं. राइड 1986 ची. त्यानंतर कायमची बंद केली आणि कंपनीला 36 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. एवढ्या पैशाच्या पार्कात हे होतं, तर आपल्या जत्रेतल्या पोराला कोण काय शिकवणार?

इंग्लंडमध्ये 2015 साली स्माइलर नावाच्या रोलर कोस्टरवर सोळा माणसांची गाडी रुळावर थांबलेल्या रिकाम्या गाडीवर आदळली. रुळाचे भाग पाडलेले असतात, पुढच्या भागात गाडी असली की मागची आपोआप थांबते. यंत्रानं तशी थांबवलीही होती. पुढची गाडी आहे हे लक्षात न आल्यानं माणसांनी यंत्राचं न ऐकता ती सोडली. तिथंही कोर्टानं कामगारांना नाही, कंपनीला 50 लाख पौंड दंड केला. ते मला पटतं.

आता मूळ मुद्दा. पाळणा निवृत्त कधी होतो? 1893 ला शिकागोत फेरिस नावाच्या इंजिनिअरनं पहिला मोठा आकाशपाळणा उभारला, 264 फूट उंच. 1906 साली सुरुंग लावून पाडला. संपला, भंगारात गेला. व्हिएन्नात 1897 चा आकाशपाळणा अजून फिरतो, पण कसा? दुसऱ्या महायुद्धात जळाला, पुन्हा उभा केला तेव्हा 30 डब्यांऐवजी 15 च लावले, सांगाड्यावरचा भार कमी व्हावा म्हणून. म्हाताऱ्याच्या डोक्यावर अर्धंच ओझं. आपल्याकडे पाळणा निवृत्त होत नाही. मोठ्या जत्रेतून उतरला की त्याहून लहान जत्रेत जातो, तिथून उरुसात, तिथून एखाद्या गावच्या माळावर. प्रत्येक ठिकाणी रंग नवा आणि तपासणारा कमी.

आणि इथं मला माझीही एक गोष्ट सांगायलाच हवी. सात वर्षांपूर्वी रात्री दहाच्या सुमारास एका पाळण्याचा आर्म टेम्पोत घालून माझ्या दुकानात आणला होता. जुन्या वेल्डिंगच्या कडेला वीतभर भेग. सकाळी लागणार होता. मी ग्राइंडरनं भेग खोलली, पाच-सहा रॉड जाळले, वरून घासून साफ केलं आणि पैसे घेतले. पोलाद कुठल्या जातीचं, त्यावर भार किती, तो आर्म किती वर्षांचा, काही विचारलं नाही. वरून रंग लागल्यावर तिथं कधी भेग होती हे कुणालाही कळणार नव्हतं. त्यानंतर मी पाळण्याचं एकही काम घेतलेलं नाही, पण तो आर्म अजून कुठंतरी फिरत असेल आणि त्यात कुणाची तरी पोरं बसत असतील.

जर्मनीत जत्रेतल्या मोठ्या पाळण्याला स्वतःची वही असते. तो जिथं जाईल तिथं ती बरोबर जाते. नकाशे, हिशेब, कधी बनला, काय बदललं, कुणी तपासलं, सगळं त्यात. नव्या गावात उभा राहिला की तिथला अधिकारी आधी वही उघडतो. माझ्या त्या वेल्डिंगची नोंद अशा वहीत करावी लागली असती, तर मी रात्री दहाला रॉड हातात घेतला नसता. माझी मागणी एवढीच आहे. भारतीय मानक आहे, आयएस 15475, खास अशाच खेळांच्या सुरक्षेसाठी. दाखलाही दिला जातो. पण दाखला त्या जागेचा, त्या दिवसाचा. पाळण्याच्या आयुष्याचा कागद कुठं आहे? तिकीट खिडकीवर "भाडे 80 रुपये" लिहितात, त्याच्याच खाली बनल्याचं साल आणि शेवटची भेग-तपासणी कधी झाली ते लिहायला काय हरकत आहे?

भेग-तपासणी म्हणजे फार मोठं काही नाही. डाय पेनिट्रंट हे सगळ्यात सोपं. वेल्डिंगवरचा रंग काढून जागा साफ करायची, लाल द्रव मारायचा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा, पुसायचा आणि वरून पांढरा डेव्हलपर फवारायचा. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ आपोआप उमटते. शिकायला एक दुपार पुरते. वरवरचीच भेग दिसते हे खरं, आतल्या गंजाला अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनिलहरींची तपासणीच लागते. पण सुरुवात तरी होईल.

पुढच्या गड्ड्याला पाळणे उभे राहायच्या आत, अजून जमिनीवर सुटे पडलेले असतानाच, आमच्या भागातले चार-पाच फिटर-वेल्डर दोन दिवस फुकट यायला तयार आहेत, मी विचारून ठेवलंय. लाल-पांढरे डबे आमचे. महापालिकेत किंवा यात्रेच्या नियोजनात कुणाची ओळख असेल त्यांनी हे त्यांच्यापर्यंत पोचवा. आणि ज्यांचे पाळणे आहेत त्यांनीही वाचावं. ती झिजलेली पिन मुकादमानं शेवटी मलाच देऊन टाकली. माझ्या टेबलावर आहे. तिच्या मापाची नवीन मी लेथवर काढून ठेवतो, चांगल्या पोलादाची. कुणाची आहे त्यानं घेऊन जावी, पैसे नकोत.