रात्री पावणेतीनची भुर्र

सगळ्यात आधी बढाई मारा. तिच्याशिवाय पुढचं काही घडत नाही. लेकरू सलग तीन महिने रात्रभर झोपलं की एखाद्या लग्नात जा, नुकतं बाळ झालेलं एखादं जोडपं डोळे चोळत जेवत असेल त्यांच्या शेजारची खुर्ची पकडा आणि सहज म्हणून टाका, "आमच्याचं काहीच टेन्शन नाही जी. नऊ वाजता झोपला तर डायरेक्ट सातला उठते." आम्ही हे वाक्य जूनच्या शेवटी, नागपुरात मानेवाड्याच्या एका लॉनवर, मसालेभात वाढून घेताना म्हटलं. चिरंजीव तेव्हा वीस महिन्यांचे होते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री पावणेतीन वाजता, त्यांनी उत्तर दिलं.

आता पहिल्या रात्री काय करायचं ते नीट ऐका. अंधारातच पाठीवर हात ठेवून, काही न बोलता दोन-चार मिनिटं बसणं हा कमकुवत मनाच्या माणसांचा उपाय झाला. तुम्ही ट्यूबलाइट लावा. बेडरूमची लावा, हॉलची लावा. अंधारात शरीर झोपेचं रसायन तयार करत असतं आणि डोळ्यांवर उजेड पडला की ते काम मंदावतं, तेव्हा कसर नको म्हणून मोबाइलही हातात द्या. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना स्क्रीन नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगून ठेवलंय. पण संघटना जिनिव्हात झोपलेली आहे आणि प्रतापनगरात जागे तुम्ही आहात. त्याच कागदात लिहिलंय की एक-दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसाकाठी ११ ते १४ तास झोप हवी. बापाला किती हवी, ते तिथे शोधू नका.

त्या रात्री घरात विलक्षण शांतता होती, हेही सांगून ठेवतो. पाऊस लागला तसा आम्ही कूलर काढून, खस झटकून, गच्चीवर ताडपत्रीखाली नेऊन ठेवला होता. एक डास गुणगुणला तरी ऐकू यावा इतकं शांत. अशा छान वातावरणात पोरगं उठतंच कसं, हा प्रश्न घेऊन सकाळी बैठक बसवा.

बैठकीत प्रत्येकाला बोलू द्या. सासूबाई दृष्ट म्हणाल्या. मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या. मिरच्या जाळल्यावर ठसका लागला नाही तर दृष्ट होती आणि लागला तर नव्हती, असं हे शास्त्र आहे. आम्हाला लागला. सगळ्यांना लागला. नुकतंच झोपलेल्या चिरंजीवांनाही लागला. अकोल्याहून आईचा फोन आला, "जरासं जायफळ उगाळून दे नं बाप्पा." जायफळ जास्त झालं तर लेकराला बाधतं हे तिलाही ठाऊक आहे, म्हणूनच ती जरासं म्हणते. जरासं म्हणजे किती, हे मात्र उभ्या विदर्भात कुणी मोजलेलं नाही. आजोबांनी माहिती दिली की पूर्वी कामावर जाणाऱ्या बाया लेकराला अफू चाटवायच्या आणि पोट्टं दिवसभर गप पडून राहायचं. सांगताना त्यांच्या आवाजात जी हळहळ होती ती ऐकून मी औषधाचा डबा उचलून कपाटात वर ठेवला, सर्दीच्या सिरपसकट. खालच्या काकू काही सुचवायला आल्याच नव्हत्या. त्यांनी फक्त विचारलं, "काल तुमचं पोट्टं बम रडून राहिलं होतं, काऊन जी?"

यातून हाती लागलेले सगळे उपाय करायचे, पण एक नियम पाळायचा. रोज नवा. एकच गोष्ट आठवडाभर, त्याच वेळी, तशीच केली तर पुढे काय होणार हे लेकराला कळू लागतं आणि ते निवांत होतं. हा धोका पत्करू नका. सोमवारी कुशीत घ्या, मंगळवारी रडू द्या, बुधवारी दूध पाजा, गुरुवारी "आता तू मोठा झाला" म्हणून वेगळी गादी घाला, शुक्रवारी ती गुंडाळा. दुपारची झोपही बंद करून पाहा. दमलं की गाढ झोपेल हा हिशेब बैलाला लागू पडतो. वीस महिन्यांचं पोरगं दमलं की आधी चिडतं, मग वरणभाताच्या ताटात मान टाकून सातलाच झोपतं आणि एकला ताजंतवानं उठून "काका कुठे?" असं विचारतं. कोणता काका, ते सांगत नाही.

झोपेच्या सोंगाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण या विषयात माझा अभ्यास आहे. झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही, असं आपण पिढ्यान् पिढ्या म्हणत आलो. ते म्हणणाऱ्यांचं माझ्या बायकोशी लग्न झालेलं नव्हतं. नवशिक्याची चूक अशी की लेकरू रडलं की त्याचं घोरणं थांबतं, आणि तिथेच तो पकडला जातो. खरा झोपलेला माणूस रडण्यातूनही घोरत राहतो. श्वास लांब ठेवा. पापण्या घट्ट मिटू नका, घट्ट मिटलेले डोळे लगेच ओळखू येतात. मधूनच एकदा कूस बदला, पण भिंतीकडे, लेकराकडे नाही. हे सगळं मी अकरा रात्री निर्दोष केलं. बाराव्या रात्री अंधारात शेजारून शांत आवाज आला, "मी पण जागीच आहे. उठा."

उठलो आणि आमच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कल्पना सुचली. भुर्र. लेकराला गाडीत मागच्या सीटवर बांधायचं आणि निघायचं. शंकरनगर, लॉ कॉलेज चौक, फुटाळा. नागपूरचे रस्ते इतके मोकळे तुम्ही कधी पाहिले नसतील. इंजिनाची घरघर सुरू झाली की चिरंजीव दुसऱ्या चौकात ढेर. घरी येऊन इंजिन बंद केलं की टक्क जागे. तीन रात्रींत त्यांना पक्कं कळलं की पावणेतीनला उठून रडलं की वडील पँट घालतात. चौथ्या रात्री ते रडलेच नाहीत. उठून बसले, माझ्या छातीवर थाप मारली आणि म्हणाले, "भुर्र."

फुटाळ्यावर एकदा पोलिसांनी अडवलं. "कुठं चालले जी इतक्या रात्री?" म्हटलं, लेकरू झोपत नाही साहेब. साहेबांनी काचेतून टॉर्च मारला. नुकतंच झोपलेलं लेकरू उठलं. "दात येऊन राहिले असतील," साहेब म्हणाले आणि स्वतःच्या दोन्ही पोट्ट्यांच्या दातांचा इतिहास त्यांनी वीस मिनिटं सांगितला. चहा पण पाजला.

डॉक्टरांकडे मात्र शक्यतो जाऊ नका. गेलात तर ते भलतंच विचारतात. ताप आहे का, कान ओढतो का, घोरतो का, तोंड उघडं टाकून श्वास घेतो का, रात्री शीच्या जागी खाजवतो का. यातलं काही निघालं तर औषधानं प्रश्न सुटतो आणि तुमच्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही. झोपल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत डोळे उघडे ठेवून किंचाळतो आणि तुम्हाला ओळखतच नाही, असं होतं का? तसं असेल तर हलवून जागं करायचं नाही, फक्त पडू-आपटू द्यायचं नाही, सकाळी त्याला काही आठवतही नसतं. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. सुळे येत होते, ते १६ ते २२ महिन्यांच्या मध्ये येतातच, पण नुसत्या सुळ्यांवर महिनाभराचं जागरण टाकता येणार नाही म्हणाले.

मग त्यांनी एक सांगितलं ते मला तेव्हा फारसं पटलं नव्हतं. रात्री सगळेच उठतात. मोठ्यांचं झोपेचं चक्र साधारण दीड तासाचं, लहानांचं तासाभराचं. दर चक्राच्या शेवटी झोप पातळ होते, आपण कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो. लेकरू त्या वेळी तपासून घेतं की झोपताना होतं ते सगळं जागच्या जागी आहे ना. नसलं तर हाक मारतं. "घरात इतक्यात काही बदललं काय?" मी आणि बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. एका सुरात म्हणालो, "काहीच नाही."

शेवटचा उपाय म्हणून मारबतीला जा, म्हणजे गावाची ईडा पीडा घेऊन जळणाऱ्या मोठ्या पुतळ्यांच्या नागपुरी मिरवणुकीला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. इतक्या वर्षांत तिनं महागाई, रोगराई, खोकला, सगळं आपल्यासोबत नेऊन जाळून घेतलंय, तर एक जागरण तिला जड नाही. आम्ही इतवारीत पोचलो तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल, ताशे, डीजे, पुढाऱ्यांचे बडगे म्हणजे पुतळे, गुलाल. मी चिरंजीवांना खांद्यावर घेतलं आणि सगळ्यांसोबत ओरडलो, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" आणि मग, जरा हळू, "पावणेतीन पण घेऊन जा गे मारबत!"

नेहरू पुतळ्यापाशी काळी आणि पिवळी समोरासमोर आल्या. गर्दीनं असा कल्ला केला की छातीत हादरे बसत होते. मला वाटलं पोट्टं घाबरलं, मान टाकली. खाली घेऊन पाहिलं तर झोपलं होतं. भर दुपारी, ढोलापासून दहा फुटांवर, तोंड उघडं टाकून, लाळ गाळत. शेजारच्या आजी कौतुकानं म्हणाल्या, "किती गुणाचं लेकरू आहे वं माय."

बायको माझ्या कानाशी येऊन काहीतरी ओरडली. ताशांत ऐकू आलं नाही. तिनं दोन्ही हातांचा भोंगा केला आणि पुन्हा ओरडली.

"कूलर!"